तळ्यातलं मोकळं पाणी

१

रविवारी सकाळी साडेनऊला डॉक्टर उत्तरा दिघे गळ टाकायला हेमलॉक बेंडच्या तळ्यावर पोचल्या, तेव्हा गळ टाकायला पाणीच उरलेलं नव्हतं.

स्टेट कॉलेज या गावापासून गाडीने वीस मिनिटांवर असलेलं हे तळं मासेमारी क्लबच्या मालकीचं. डिसेंबरात ते सगळं गोठायचं, पण पूर्वेच्या वळणावर टेनिस कोर्टाएवढा तुकडा मात्र कडाक्याच्या थंडीतही मोकळा राहायचा. काठावरच्या शेडमधला काँप्रेसर पाइपातून तळाशी हवा सोडत असे आणि ते बुडबुडे पाण्यावर बर्फ धरू देत नसत. बर्फाखाली गुदमरू लागलेले मासे श्वासासाठी तिथे गोळा होत. हिवाळ्यातही घरी न बसणारे उत्तराबाईंसारखे दहा-बारा सभासद त्या तुकड्याच्या काठी खुर्च्या टाकत, बारीक गळाला मक्याचा दाणा लावत आणि तरंगा जरासा कधी बुडतो म्हणून तासन् तास डोळे लावून बसत. कार्प मासा मिळाला की हातात घ्यायचा, बघायचा आणि परत सोडून द्यायचा. सहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर बाईंनी त्याची गळाची काठी उचलली होती, ती अजून खाली ठेवली नव्हती.

गेले दोन आठवडे पारा शून्याखाली वीसवर होता. त्यातच मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी हिमवादळ झालं आणि तळ्याकडचा रस्ता बंद पडला. तो काल उघडला, म्हणून आज त्या आल्या होत्या. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पांढरं पसरलं होतं.

गाडीतून पहार काढून त्या जपून, पावलागणिक बर्फ ठोकून बघत, नेहमीच्या जागेपर्यंत गेल्या. बर्फ चांगला जाड लागला. पाच-सात मिनिटं घाव घातल्यावर भोक पडलं आणि सडक्या अंड्याचा वास अंगावर आला. पाणी वर चढलं. त्याबरोबर एक हातभर लांबीचा कार्प पोट वर करून भोकाच्या तोंडाशी आला आणि तिथेच अडकला. त्याच्यामागे, बर्फाच्या कडेखाली, आणखी पांढरी पोटं दिसत होती.

उत्तराबाई एकतीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट होत्या. मेलेल्यांकडून माहिती काढण्यातच त्यांची नोकरी गेली होती. तरी त्यांनी हातमोजा काढून त्या माशाच्या पाठीवर हात ठेवला आणि गार पडेपर्यंत उचलला नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं. शेडकडून येणारी काँप्रेसरची घरघर येत नव्हती.

२

क्लबचा सेक्रेटरी अतुल हर्डीकर अर्ध्या तासात आला. युनिव्हर्सिटीच्या आयटीमध्ये काम करणारा, पंचेचाळिशीचा, घाईचा माणूस. शेडचं कुलूप शाबूत होतं. त्याने किल्ली लावून दार उघडलं. आत काँप्रेसर थंडगार पडला होता.

"बंद केलाय कुणीतरी," अतुल म्हणाला. "कुलूप तोडलेलं नाही, म्हणजे किल्लीवाल्याचंच काम. किल्ल्या तीन आहेत, काकू. एक माझी, एक वॉल्टची आणि एक ज्याची ड्यूटी त्याची. या महिन्यात ड्यूटी रेणूची आहे."

दाराला लटकवलेल्या तक्त्यावर रेणूची शेवटची सही होती. मागच्या आठवड्यातल्या शनिवारची, म्हणजे हिमवादळानंतर दोन दिवसांनी. पुढे लिहिलं होतं : 'चालू आहे.'

"काय चालू आहे? डोंबल!" अतुल चिडून म्हणाला. "तिची पीएचडी कशावर आहे माहितीय ना तुम्हाला? हिवाळ्यात पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की माशांचं काय होतं यावर! तिला गुदमरणारं तळं हवंच होतं. फुकटात मिळालं. बुधवारी मीटिंग बोलावतो. तिला क्लबमधून काढायचं आणि तिच्या प्रोफेसरला पत्र पाठवायचं."

"अतुल, पत्र गेलं तर त्या मुलीचं करिअर संपेल."

"आणि हे दोनशे मासे संपले त्याचं काय?"

बाईंनी वाद घातला नाही. रागाचं एक कारण त्यांना ठाऊक होतं. बर्फावरच्या मासेमारीची फेब्रुवारीतली स्पर्धा अतुलचीच कल्पना होती. मोकळ्या पाण्याजवळ बर्फ पातळ असतो म्हणून विमा कंपनीने तिला परवानगी नाकारली होती. 'महिनाभर तो पंप बंद ठेवला तर काय बिघडेल?' असं त्याने डिसेंबरच्या सभेत सगळ्यांसमोर विचारलं होतं. आज ते वाक्य त्यालाच आठवत असावं.

गाडीत बसून त्यांनी रेणू सामंतला फोन लावला. ती सत्तावीस वर्षांची, चिपळूणची. तीन मैत्रिणींबरोबर अपार्टमेंटमध्ये राहायची आणि दर दुसऱ्या रविवारी बाईंकडे जेवायला यायची.

"मावशी, मी गेले होते," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "रस्ता बंद होता, म्हणून हायवेपासून चालत गेले. वळणापर्यंत नाही गेले, गुडघ्याएवढा स्नो होता. ती माझी चूक. पण शेडच्या दाराला कान लावला होता मी. काँप्रेसर चालू होता. शपथ. मी खोटं का लिहीन?"

तिच्या बोलण्यावर बाईंचा विश्वास बसला. पण मग प्रश्न फारच विचित्र होता. काँप्रेसर चालू असताना पाणी गोठलं कसं?

३

दुपारी उत्तराबाई बर्फात भोक पाडायचं हातड्रिल घेऊन परत आल्या. रेणूही आली. दोघींनी मिळून त्या गोठलेल्या तुकड्यातून बर्फाची एक अखंड कांडी कापून काढली आणि स्नोवर आडवी ठेवली. खाली काचेसारखा स्वच्छ बर्फ होता, वर चार बोटं दुधाळ पांढरा थर आणि त्यावर भुसभुशीत स्नो.

"हा पांढरा थर कसला?" बाईंनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं, पण ते रेणूच्या तोंडून यायला हवं होतं.

"स्नोचा. बर्फावर खूप स्नो पडला की वजनाने पाणी वर येतं, स्नो भिजतो आणि..." रेणू थांबली. "मावशी, म्हणजे स्नो पडला तेव्हा इथे खाली बर्फ होता. पाणी मोकळं असतं तर स्नो त्यात विरघळून गेला असता."

"स्नो गुरुवारी पडला. म्हणजे हे पाणी त्याच्याही एक-दोन दिवस आधी गोठलं होतं. आणि तू आलीस शनिवारी."

रेणूचा चेहरा पडला. "हे अतुलदादाला कळलं तर तो म्हणेल, मी खोटी सही केली याचा पुरावाच मिळाला."

"म्हणू दे. चल, शेडमध्ये."

सकाळी अतुलने काँप्रेसर थंड पाहिला आणि 'बंद केलाय' म्हणाला. ते ऐकून सगळ्यांनी तेच धरलं. बाईंनी टॉर्च लावून स्विच पाहिला. तो खाली नव्हता, वर होता. म्हणजे, इथल्या रीतीने, चालूच होता. त्याच्या खाली मात्र एक लाल बटण बाहेर आलेलं होतं. मशीन तापलं की ते आपोआप उडतं आणि वीज तोडतं.

"हा कुणी बंद केलेला नाही," बाई हळू म्हणाल्या. "हा दमून बंद पडलाय. तू आलीस त्यानंतर केव्हातरी. तू ऐकलंस ते खरं होतं, रेणू. मशीन हवा ढकलत होतं, पण हवेला जायला वाटच नव्हती."

रेणूने डोळे पुसले. "म्हणजे पाइप कुणीतरी वाटेत अडवला."

"आणि त्यासाठी शेडची किल्ली लागत नाही."

बर्फावर राहिलेलं ड्रिल आणायला परत जाताना बाईंचा पाय कशाला तरी अडखळला. त्यांनी हाताने स्नो बाजूला केला. बर्फात रुतलेला एक हिरवा खुंट होता. प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक काठी, वाऱ्याने वरून मोडलेली. पुढे चार पावलांवर दुसरा. असे सहा निघाले. आधी जिथे मोकळं पाणी होतं, त्याच्या कडेने अर्धवर्तुळात कुणीतरी ते रोवले होते. पण फक्त पश्चिमेच्या बाजूने.

कुंपणच म्हणावं तर अर्धंच का?

४

वॉल्ट ब्रेनमन क्लबचा सगळ्यात जुना सभासद. वय अठ्ठ्याहत्तर. कार्प त्याला डोळ्यांसमोर नको असायचे. तळ्यात ट्राउट मासे सोडावेत म्हणून तो वीस वर्षं भांडत होता. सोमवारी सकाळी बाई त्याच्या स्वयंपाकघरात बसल्या, तेव्हा तो गळांचा डबा आवरत होता.

"तू मला विचारायला आलीस, की मी मारले का," तो म्हणाला.

"हो."

"मला ते चिखल खाणारे मासे आवडत नाहीत, उत्तरा. पण कुठलाही मासा बर्फाखाली तोंड उघडून तडफडत मरावा असं मला वाटत नाही. काल मी तिथे गेलो होतो. परत येऊन जेवलो नाही." त्याने डब्याचं झाकण लावलं. "शिवाय त्यांच्याबरोबर माझे सनफिश मासेही मेले."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलायला लागणारी खटपट त्याला कधीच जमली नव्हती.

"वॉल्ट, शेडपासून तळ्यापर्यंत पाइप कुठून जातो?"

"जमिनीखालून. वळणाच्या टोकाशी, मोठ्या हेमलॉकच्या झाडाच्या मुळाशी, एका फरशीखाली व्हॉल्व्ह आहे. दुरुस्तीसाठी ठेवलेला. पंधरा वर्षांत कुणाला लागला नाही. अतुलला माहीतही नसेल."

"टाकला कुणी होता?"

"मी आणि तुझ्या मित्राने. नरेन. आखणी त्याची, खड्डा माझा." वॉल्टने वर पाहिलं. "पण तू नरेनला ओळखतेस, तो मासे मारणारा नाही."

बाई त्याला चाळीस वर्षं ओळखत होत्या. म्हणूनच वॉल्टने दिलेला चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

तासाभराने वॉल्टने फावड्याने हेमलॉकखालचा स्नो उपसला आणि फरशी उचलली. खालचा पितळी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होता. त्याचं हँडल तुटून बाजूला पडलं होतं आणि उरलेल्या दांड्यावर पान्याच्या दातांचे ओरखडे होते. एक-दोन नव्हेत, पंधरा-वीस. पितळ सोलून निघेपर्यंत कुणीतरी झटलं होतं.

"बंद करायला एवढा जोर?" वॉल्ट पुटपुटला.

"बंद करायला नाही. बंद तर झालाच होता." बाई गुडघ्यांवर बसून खाली बघत राहिल्या. "हे उघडायला केलंय, वॉल्ट. ज्याने बंद केला, तो परत आला होता. पण तोवर व्हॉल्व्ह गोठला होता."

त्या उठल्या आणि वळून पश्चिमेकडे पाहू लागल्या. तळ्याच्या त्या काठावर एकच घर होतं.

५

नरेंद्र वर्तकांनी दार उघडलं, तेव्हा दाराच्या वर बांधलेली घंटा वाजली. बाईंनी ती वर मान करून पाहिली. नवीन होती. दाराला नवी कडीही होती, डोक्याच्याही वर, सहज हात पोचणार नाही अशी.

"ये, उत्तरा. बरेच दिवसांनी." चौऱ्याहत्तर वर्षांचे नरेंद्र निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर होते. दाढी वाढलेली, उजव्या तळहाताला पट्टी.

त्यांची बायको सुमित्रा खिडकीपाशी बसली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर जाड स्वेटर, मांडीवर रिकामा स्टीलचा डबा.

"कशी आहेस, सुमित्रा?"

"बरी आहे हो," सुमित्रा सभ्यपणे हसली. उत्तराला तिने ओळखलं नव्हतं. "थोडी घाईत आहे. दादा पलीकडे थांबलेत. अकरा वाजले की त्यांना डबा लागतो."

"तिचे वडील धरणावर ओव्हरसियर होते," नरेंद्र हळूच म्हणाले. "ती लहानपणी होडीतून डबा घेऊन जायची. आता हे तळं तिला तेच पाणी वाटतं."

उत्तराबाईंनी कोट काढला नाही. "नरेंद्र, तुझ्या टोमॅटोच्या वाफ्यातल्या हिरव्या काठ्या कुठे आहेत?"

 नरेंद्र सुमित्राच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"मी अंघोळीला गेलो होतो," ते म्हणाले. "बाहेर आलो तर दार उघडं. सकाळी अकराला. ही तळ्यावर, बर्फाच्या मधोमध, कॅनव्हासच्या बुटात, सरळ त्या मोकळ्या पाण्याकडे चाललेली. मी हाका मारल्या. ही वळून हात हलवायची आणि पुढे जायची. पाण्यापासून दहा पावलांवर मी हिला धरलं, उत्तरा. पायाखाली बर्फ कडकडत होता."

"म्हणून काठ्या रोवल्यास."

"त्याच दुपारी. दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी ही दोरीखालून वाकून जायला लागली. नवी कडी ऑर्डर केली होती, ती यायला चार दिवस होते. मी म्हटलं, चारच दिवस हवा बंद करू. बर्फ जाड होईल, ही गेलीच तरी बुडणार नाही. चार दिवसांत माशांना काही होत नाही, हिशोब केला होता मी. मग वादळ आलं. आमच्या बाजूचा रस्ता लवकर उघडला, तरी कडी आली सहाव्या दिवशी. ती बसवली आणि व्हॉल्व्ह उघडायला गेलो, तर हलेना. गरम पाणी ओतलं, पान्याने ओढला, हँडल हातात आलं."

"अतुलला एक फोन करायचास."

"आणि काय सांगायचं? बायको बर्फावर चालत जाते म्हणून? हे आमच्या मुलाच्या, अनिशच्या कानावर गेलं की तो बॉथेलहून पहिल्या विमानाने येईल आणि हिला वृद्धांच्या होममध्ये ठेवेल. मी हिला शब्द दिलाय, उत्तरा. हिला शब्द कळत होता तेव्हा दिलाय." त्यांनी पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. "रोज वाटायचं, उद्या सांगू. काल खिडकीतून तुम्हाला बघितलं. मेलेल्या माशांपाशी वाकलेलं."

"रेणूचं ऐकलंस?"

"कोण रेणू?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. बाईंनी सांगितलं. सही, थिसिस, प्रोफेसरला जाणारं पत्र, बुधवारची मीटिंग. नरेंद्रांचा चेहरा ऐकता ऐकताच म्हातारा झाला.

"तू सांगणार आहेस तिथे?" त्यांनी विचारलं.

"मी फक्त एवढं सांगेन की रेणूने केलं नाही. कुणी केलं हे विचारतील, तेव्हा मी गप्प बसेन. पण मी गप्प बसले तर संशय तिच्यावरच राहील, हे तुलाही कळतंय." त्या दाराशी गेल्या. घंटा वाजली. "बुधवारी सहाला. सुमित्रापाशी बसायला मी माझ्या शेजारच्या नीनाला पाठवते."

नरेंद्रांनी त्यांच्यामागे ती उंच कडी लावून घेतली.

६

बुधवारी क्लबच्या लाकडी हॉलमध्ये पंचवीसेक माणसं जमली. रेणू शेवटच्या रांगेत कोट घालूनच बसली होती, उठून जायची वेळ आली तर लगेच जाता यावं अशी. अतुलने ठराव वाचायला घेतला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि नरेंद्रांचा पत्ता नव्हता.

उत्तराबाई उठल्या. काँप्रेसरचा स्विच, उडालेलं बटण, बर्फातला पांढरा थर, बंद व्हॉल्व्ह, सगळं त्यांनी एकेक करून सांगितलं. रेणूने ऐकलेला आवाज खरा होता, हे शेवटी सांगितलं.

"ठीक आहे," अतुल म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "मग व्हॉल्व्ह कुणी बंद केला? तुम्हाला माहितीय, काकू?"

बाई खाली बसल्या. हॉलमधली माणसं एकमेकांकडे आणि मग पुन्हा रेणूकडे बघू लागली. तिलाच व्हॉल्व्हचं माहीत नव्हतं कशावरून, असं कुणीतरी मागून म्हणालं.

तेवढ्यात दार ढकलून नरेंद्र वर्तक आत आले. त्यांच्या कोपराला धरून सुमित्रा. नीना आली होती, पण ते सुमित्राला घरी सोडून निघू शकले नव्हते.

"मी बंद केला," ते इंग्रजीत म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून. मग उभ्यानेच सगळं सांगितलं. अंघोळ, कॅनव्हासचे बूट, दहा पावलं, पाना. कुठेही स्वतःची बाजू मांडली नाही. शेवटी रेणूकडे वळून मराठीत म्हणाले, "बाळ, तुझं नाव यात आलं हे मला परवा कळलं. आधी कळायला हवं होतं. मी बाहेर बघतच नव्हतो."

रेणू उठली. तिने आपली खुर्ची सुमित्राला दिली.

अतुलने ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. "सॉरी, रेणू," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मी चौकशीच केली नाही. मला कुणीतरी सापडायला हवं होतं."

वॉल्ट टोपी हातात घेऊन उठला. "माझ्या बायकोला हे झालं तेव्हा मी दोन वर्षं कुणाला बोललो नाही," तो म्हणाला. "गाढवपणा केला. नरेन, त्या बाजूला पक्कं कुंपण मी घालतो. लाकूड आहे माझ्याकडे. व्हॉल्व्ह नवा लागेल, तो तू बसव. आणि मासे," तो जरा थांबला, "वसंतात सोडू. कार्पसुद्धा."

हसलं कुणी नाही, पण हॉलमध्ये खुर्च्या हलल्या आणि माणसं नरेंद्रांभोवती गोळा झाली. सकाळी सुमित्रापाशी कोण किती वेळ येऊ शकतं, याची चर्चा सुरू झाली. रेणू म्हणाली, मंगळवारी आणि शुक्रवारी तिला लॅब नसते.

परत जाताना उत्तराबाईंनी नरेंद्र आणि सुमित्राला आपल्या गाडीत घेतलं. सुमित्रा मागच्या सीटवर डोळे मिटून बसली. घराच्या फाट्याशी नरेंद्र म्हणाले, "जरा थांबव." त्यांनी फोन काढला आणि नाव दाबताना तीनदा चुकले. शेवटी लागला, तो स्पीकरवर.

"बाबा? सगळं ओके?"

"अनिश, आईबद्दल बोलायचंय. तुला वेळ आहे का?"

पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला. तो बहुधा मीटिंगमधून उठला होता.

"बाबा, आय नो," अनिश म्हणाला. "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आलो तेव्हा आईने मला माझं नाव विचारलं होतं. मी कुणाला बोललो नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत नाही."

नरेंद्रांनी फोन कानाला लावायला उचलला, पण तो स्पीकरवरच होता. उत्तराबाईंनी इंजिन बंद केलं, हळूच दार उघडलं आणि बापलेकांना बोलता यावं म्हणून त्या खाली उतरून थंडीत उभ्या राहिल्या.